ग्रंथसंपादक मॅक्सवेल पर्किन्स : जीवन आणि कार्य

राम पटवर्धन यांचे ‘पाडस’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. फ्लोरिडाच्या रानात वाढणारा ज्योडी, त्याचे हरणाचे पाडस आणि शेवटी त्या पाडसाचा करावा लागणारा त्याग ही कथा मराठी वाचकाला आपलीच वाटावी अशा भाषेत पटवर्धनांनी आणली. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची. आता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. ही कादंबरी लिहावी असे लेखिकेला प्रथम कोणी सुचविले? न्यूयॉर्कमधील एका प्रकाशनसंस्थेत टेबलामागे बसणाऱ्या, डोक्यावरची फेल्ट हॅट कचेरीतही न उतरवणाऱ्या एका अबोल गृहस्थाने. त्याचे नाव मॅक्सवेल पर्किन्स. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव कोठेही नाही. मराठीत हे पुस्तक आणणारे पटवर्धन हेही ‘सत्यकथे’चे संपादक होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

साहित्यव्यवहाराचा विचार करताना आपण लेखक, वाचक, समीक्षक, प्रकाशक यांचा परिचय करून घेतो. ग्रंथसंपादक मात्र बहुधा निसटतो, कारण त्याचे काम यशस्वी झाले की ते दिसेनासे होते. पर्किन्सच्या बाबतीत ते दिसू शकते, कारण त्याने लेखकांना लिहिलेली पत्रे जपली गेली व त्यांपैकी निवडक पत्रांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाला.

जडणघडण

पर्किन्सचा जन्म २० सप्टेंबर १८८४ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. बालपण न्यू जर्सीतील प्लेनफील्ड या गावी गेले. आजोळचा ओढा मात्र व्हरमाँटमधील विंडसर या खेड्याकडे होता आणि तो आयुष्यभर टिकला. वडील वकील होते. मॅक्स शाळकरी वयात असतानाच ते वारले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९०७ मध्ये तो पदवीधर झाला, तोही अर्थशास्त्र घेऊन. साहित्याचा विद्यार्थी नसलेला मनुष्य साहित्याचा एवढा मोठा पारखी कसा झाला, असे आपल्याला वाटेल. त्याचे वाचन अफाट होते हे एक उत्तर. टॉलस्टॉयचे ‘वॉर अँड पीस’ हे त्याचे जन्माचे दैवत होते. आपल्या लेखकांना तो त्या ग्रंथाच्या प्रती भेट देत असे. दुसरे उत्तर पत्रकारितेत सापडते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमीदार म्हणून घालवलेल्या काळात त्याला घडलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट यांतील अंतर कळले असावे.

१९१० साली तो चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स या प्रकाशनसंस्थेत जाहिरात विभागात रुजू झाला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी लुईज सॉंडर्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. या दांपत्याला पाच मुली झाल्या. चार वर्षांनी तो संपादन विभागात आला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, तेथेच राहिला. नोकरी बदलली नाही, स्वतःची संस्था काढली नाही. बाह्य घटनांच्या दृष्टीने पाहिले तर हे चरित्र एका परिच्छेदात संपते.

स्क्रिब्नर्स ही जुनी, प्रतिष्ठित आणि सोवळी संस्था होती. हेन्री जेम्स, ईडिथ व्हॉर्टन, गॉल्सवर्दी अशी तिची लेखकमंडळी. ज्येष्ठ संपादक विल्यम ब्राउनेल यांची अभिरुची एकोणिसाव्या शतकात घडलेली होती, आणि मालक चार्ल्स स्क्रिब्नर यांना आपल्या छापाच्या पुस्तकातून घरातील बायकामुलांसमोर वाचता येणार नाही असे काही जाऊ नये याची काळजी असे. अशा घरात नव्या पिढीला दार उघडून देणे हे पर्किन्सचे पहिले काम ठरले.

दोनदा परत गेलेले बाड

१९१८ मध्ये सैन्यात दाखल झालेल्या एका तरुणाचे बाड संस्थेकडे आले. तरुणाचे नाव एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड. बाड नाकारले गेले. पण पर्किन्सने नकारासोबत एक सविस्तर पत्र पाठवले. कादंबरी कोठे रेंगाळते, नायकाची कथा निष्कर्षापर्यंत का पोहोचत नाही, काय केले तर संस्था पुन्हा विचार करील, हे सारे त्यात होते. तरुणाने फेरफार करून बाड पुन्हा पाठवले. ते पुन्हा नाकारले गेले. युद्ध संपले, फिट्झजेराल्ड न्यूयॉर्कमधील जाहिरातसंस्थेतील नोकरी सोडून १९१९ च्या उन्हाळ्यात आईवडिलांच्या घरी सेंट पॉलला परतला आणि त्याने सगळी कादंबरी नव्याने लिहून काढली.

सप्टेंबर १९१९ मध्ये संपादकांची बैठक झाली. ब्राउनेल यांना पुस्तक उथळ वाटले, मालकांचाही कल विरोधी होता. एरवी अबोल असलेल्या पर्किन्सने तेथे आपली सारी पत पणाला लावली. असे गुण असलेला लेखक संस्था परत पाठवणार असेल तर आपल्याला या धंद्यात रस उरणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पस्तिशीतला, पाच वर्षांपूर्वी जाहिरात खात्यातून आलेला माणूस मालकासमोर हे बोलतो आहे, आणि त्याच्या घरी लहान मुली आहेत, हे आपण ध्यानात घ्यावे. पुस्तक स्वीकारले गेले. ‘धिस साइड ऑफ पॅरडाइज’ मार्च १९२० मध्ये बाजारात आले आणि पहिली आवृत्ती काही दिवसांत संपली.

या पुस्तकात मुद्रणदोष व शब्दांच्या चुका इतक्या राहिल्या की वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा केली. कारण साधे आहे: फिट्झजेराल्डचे शुद्धलेखन कच्चे होते आणि पर्किन्सचेही. मुद्रिते तपासण्यात तो कधीच निष्णात नव्हता. संपादन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ सुधारणे, अशी आपल्याकडे रूढ असलेली समजूत या एका उदाहरणाने ढासळते. भाषाशुद्धी हे काम आवश्यकच आहे; परंतु ते दुसऱ्या कोणाकडून करून घेता येते.

संपादक प्रत्यक्षात काय करतो हे पाहायचे असेल तर ‘द ग्रेट गॅट्सबी’चा इतिहास पाहावा. १९२४ च्या शरदात फिट्झजेराल्डने फ्रान्सहून बाड पाठवले. पर्किन्सने नोव्हेंबरमध्ये उत्तर लिहिले. आरंभी मनापासून स्तुती आहे, आणि ती मोघम नाही. कोणते प्रसंग, कोणत्या प्रतिमा का उतरल्या आहेत ते तो नेमकेपणाने सांगतो. त्यानंतर तीन शंका येतात. पहिली अशी की इतर पात्रे रस्त्यात भेटली तर ओळखता येतील, पण गॅट्सबी मात्र धूसर आहे. त्याला काही ठळक लकबी असाव्यात. दुसरी अशी की त्याच्याकडे एवढा पैसा आला कोठून, याचे पूर्ण उत्तर नको, परंतु सूचक खुणा हव्यात, नाहीतर वाचक फसवला गेल्यासारखा होईल. तिसरी रचनेविषयी होती. गॅट्सबीचा पूर्ववृत्तांत एकाच ठिकाणी सलग सांगितला गेला आहे. तो कथेच्या ओघात थोडाथोडा येऊ शकेल काय?

लक्षात घ्या, या पत्रात पर्किन्सने एकही वाक्य लिहून दिलेले नाही. त्याने केवळ एका जाणत्या वाचकाला कोठे अडखळायला होते ते दाखवले. फिट्झजेराल्डने कबूल केले की गॅट्सबी कसा दिसतो हे त्याला स्वतःलाच पुरते ठाऊक नव्हते. त्या हिवाळ्यात रोममध्ये बसून त्याने मुद्रितांवरच प्रकरणे मोडली, जोडली, पूर्ववृत्तांत पुढेमागे विखुरला. मुद्रितांवर एवढे फेरफार म्हणजे जुळवलेला मजकूर पुन्हा जुळवणे, आणि त्याचा खर्च. संस्थेने तो सोसला. एप्रिल १९२५ मध्ये पुस्तक आले. परीक्षणे संमिश्र आणि खप बेताचा. लेखक १९४० च्या डिसेंबरात वारला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या काही प्रती विकल्या न जाता गोदामात पडून होत्या. मधल्या कर्जबाजारी वर्षांत पर्किन्सने त्याला स्वतःच्या खिशातूनही पैसे दिले होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर ‘द लास्ट टायकून’ ही अपुरी कादंबरी एडमंड विल्सनच्या संपादनाखाली १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. आज गॅट्सबी अमेरिकेतील शाळांत शिकवली जाते. ती प्रतिष्ठा लेखकाने पाहिली नाही आणि तिचे पूर्ण रूप पर्किन्सनेही पाहिले नाही.

एक लेखक दुसऱ्याला घेऊन येतो

पर्किन्सला लेखक मिळाले ते बहुतेक त्याच्या लेखकांमुळेच. रिंग लार्डनर हा लोकप्रिय विनोदी पत्रकार फिट्झजेराल्डचा शेजारी. त्याने आपल्या कथांच्या प्रतीही जपून ठेवल्या नव्हत्या. पर्किन्सने जुन्या मासिकांतून त्या शोधून काढायला लावल्या आणि १९२४ मध्ये त्यांचा संग्रह केला. फिट्झजेराल्डनेच पॅरिसमधील एका अप्रसिद्ध तरुणाचे नाव त्याला कळवले होते. तो तरुण म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे.

हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ (१९२६) या कादंबरीने स्क्रिब्नर्समध्ये पेच निर्माण केला. सैनिकांच्या, मद्यप्यांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी कागदावर आलेली. वृद्ध मालकाला पटवायचे आणि लेखकाला दुखवायचे नाही, अशा दुहेरी कसरतीत पर्किन्सची अनेक वर्षे गेली. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात: आक्षेपार्ह शब्द मालकासमोर उच्चारवेनात म्हणून त्याने ते दिनदर्शिकेच्या कागदावर लिहून ठेवले, आणि तो कागद दिवसभराच्या कामांच्या यादीचा होता. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, ती पर्किन्सच्या स्वभावाला शोभते. ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ (१९२९) मध्ये काही शब्दांच्या जागी रेघा आल्या. हेमिंग्वे चरफडला, परंतु संस्था सोडून गेला नाही. त्याच्या गद्याला मात्र पर्किन्सने जवळजवळ हात लावला नाही. जेथे दुरुस्तीची गरज नाही तेथे हात मागे ठेवणे ही देखील संपादकीय जाण आहे, आणि माझ्या मते ती अधिक दुर्मिळ आहे.

थॉमस वुल्फ

आता आपण या चरित्रातील सर्वांत गुंतागुंतीच्या प्रकरणाकडे येतो.

१९२८ मध्ये अनेक प्रकाशकांनी परत केलेले एक प्रचंड बाड स्क्रिब्नर्सकडे आले. लेखक थॉमस वुल्फ, नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल या डोंगराळ गावचा. साडेसहा फूट उंच. उभे राहून, फ्रिजच्या माथ्यावर कागद ठेवून लिहिणारा. त्याला थांबता येत नसे. पर्किन्सचे पत्र त्याला व्हिएन्नात मिळाले. जानेवारी १९२९ मध्ये दोघे भेटले आणि महिनोन्‌महिने कापाकापी चालली. हजारो शब्द वगळले गेले. ‘लुक होमवर्ड, एंजल’ त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, शेअर बाजार कोसळण्याच्या काही दिवस आधी, प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या कादंबरीचे काम याहून विलक्षण होते. १९३३ च्या अखेरीस वुल्फने आणलेले हस्तलिखित हे पुस्तक म्हणावे असे नव्हतेच. तो एका आयुष्याचा ढीग होता. पुढचे वर्षभर, कचेरी सुटल्यावर, रविवारीही, दोघे त्या ढिगासमोर बसले. पर्किन्स एखादा भाग गाळायला सांगे, वुल्फ मान्य करी, घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी गाळलेल्यापेक्षा मोठा मजकूर लिहून आणी. शेवटी १९३४ च्या शरदात वुल्फ शिकागोचे प्रदर्शन पाहायला गेला असताना पर्किन्सने हस्तलिखित छापखान्यात धाडून दिले. त्याला वाटले, हा माणूस आपणहून कधीच थांबणार नाही. वुल्फला वाटले, आपले पुस्तक अपुरेच हातातून काढून घेतले गेले. ‘ऑफ टाइम अँड द रिव्हर’ १९३५ मध्ये आले व गाजले. वुल्फने ते पर्किन्सला अर्पण केले. अर्पणपत्रिका इतकी कृतज्ञतेने ओथंबलेली होती की पर्किन्सला अवघडल्यासारखे झाले.

येथे आपण क्षणभर थांबू. पर्किन्सने योग्य केले काय? त्याने थांबवले नसते तर कदाचित पुस्तकच झाले नसते. पण एखादे लेखन संपले की नाही हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा की संपादकाचा? पुढे जे घडले ते याच प्रश्नातून घडले. वुल्फने आपली कादंबरी कशी तयार झाली याचा वृत्तांत भोळेपणाने लिहून प्रसिद्ध केला. एप्रिल १९३६ मध्ये समीक्षक बर्नार्ड डी व्होटो यांनी त्यावर घणाघाती लेख लिहिला: नुसती प्रतिभा पुरत नाही, आणि हे पुस्तक लेखकाने लिहिले की पर्किन्स आणि स्क्रिब्नर्सच्या जुळणीविभागाने, असा त्याचा रोख. तो घाव वुल्फच्या वर्मी लागला. आपण पर्किन्सशिवाय लिहू शकतो हे जगाला, आणि त्याहून अधिक स्वतःला, सिद्ध करणे त्याला भाग पडले. कायदेशीर कटकटी, पात्रांच्या रूपाने ओळखीच्या माणसांचे केलेले चित्रण, राजकीय मतभेद अशी निमित्ते साठत गेली. १९३७ मध्ये त्याने स्क्रिब्नर्स सोडली आणि हार्परकडे गेला. पर्किन्सला मुलगा नव्हता. वुल्फच्या वडिलांचा मृत्यू तो तरुण असतानाच झाला होता. हे नाते पितापुत्रांचे होते असे चरित्रकार म्हणतात. तसे असेल तर पुत्राचे घर सोडणेही त्यात आलेच.

मी हे प्रकरण अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी माझा कौल थोडा बदलतो. पूर्वी पर्किन्सचा पक्ष पूर्ण बरोबर वाटे. आता असे वाटते की वुल्फची तक्रार चुकीची होती, पण भीती खरी होती. त्याच्या पहिल्या कादंबरीचे मूळ, न कापलेले रूप २००० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आहे. पर्किन्सने काय काढले व काय राखले हे त्यामुळे आता कोणालाही शेजारी ठेवून ताडता येते.

१९३८ च्या उन्हाळ्यात वुल्फ पश्चिम किनाऱ्याच्या प्रवासात आजारी पडला. सिॲटलच्या रुग्णालयातून, डॉक्टरांची मनाई मोडून, त्याने पेन्सिलीने एक पत्र लिहिले. ते पर्किन्सला होते आणि त्यात जुन्या स्नेहाची आठवण होती. १५ सप्टेंबर रोजी बाल्टिमोर येथे, मेंदूच्या क्षयाने, अडतिसावे वर्ष पुरे होण्याआधी तो गेला. संबंध तुटत असतानाच्या काळात केलेल्या मृत्युपत्रात त्याने आपल्या वाङ्मयीन मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून पर्किन्सचेच नाव घातले होते. त्यामुळे प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेकडून निघालेल्या वुल्फच्या मरणोत्तर कादंबऱ्यांचे काम पर्किन्सच्या संमतीने आणि साहाय्याने झाले. त्यांपैकी एकीत फॉक्सहॉल एडवर्ड्स नावाचा एक संपादक आहे. त्याचा नमुना कोण हे सांगायला नको.

रानातली गोष्ट

याच काळात ‘पाडस’ची मूळ कादंबरी घडत होती. रॉलिंग्ज १९२८ मध्ये फ्लोरिडात क्रॉस क्रीक येथे संत्र्यांची बाग घेऊन राहायला गेल्या होत्या. तेथील गरीब गोऱ्या रानवासीयांविषयीचे त्यांचे लेखन स्क्रिब्नर्सच्या मासिकात आले आणि पर्किन्सने त्यांना कादंबरीकडे वळवले. त्यांची पहिली कादंबरी १९३३ मध्ये निघाली. त्याच वर्षी त्याने सुचवले की त्या रानातील एका मुलाच्या आयुष्यावर पुस्तक लिहावे: शिकार, नदी, कुत्री, ऋतू. रॉलिंग्ज यांच्या मनात तेव्हा दुसरीच कादंबरी होती, आणि बालवाङ्मयाचा शिक्का बसेल अशी धास्तीही होती. पर्किन्सने हट्ट धरला नाही. त्यांनी आधी मनातली कादंबरी लिहिली. ती फारशी उतरली नाही. पर्किन्स पत्रांतून अधूनमधून त्या मुलाची आठवण देत राहिला, आणि पुस्तक मुलांसाठी लिहायचे नाही, मुलाविषयी लिहायचे आहे, अशा आशयाचा धीर देत राहिला. कादंबरी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वुल्फच्या बाबतीत जो हात घाईने पुढे झाला होता, तोच हात येथे पाच वर्षे थांबला.

आपल्याकडे श्री. पु. भागवत यांच्याविषयी लेखकांनी सांगितलेल्या आठवणी यासोबत वाचून पाहाव्यात. काळ वेगळा, अर्थव्यवहार तर फारच वेगळा. परंतु लेखकाशी दीर्घ चर्चा करणे, पुनर्लेखनाची वाट पाहणे आणि स्वतः पडद्याआड राहणे ही वृत्ती ओळखीची वाटेल.

अखेरची वर्षे

पर्किन्सला ऐकू कमी येत असे, प्रकृती ढासळत होती, तरी सुट्टी घेणे त्याला जमले नाही. १९४६ मध्ये प्रकाशनव्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे तो बोलला. संपादक पुस्तकात काहीही भर घालत नाही, तो फार तर लेखकाचा सेवक असतो, त्याने स्वतःला मोठे समजू नये, असे त्याने तेथे सांगितले. त्याच वर्षी त्याने जेम्स जोन्स नावाच्या एका माजी सैनिकाची हातातली कादंबरी बाजूला ठेवून, त्याने पत्रात सहज उल्लेखलेल्या दुसऱ्याच विषयावर पाचशे डॉलर आगाऊ दिले. दक्षिण आफ्रिकेतील ॲलन पेटन या अपरिचित लेखकाची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही कादंबरीही त्याने स्वीकारली.

१७ जून १९४७ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, न्युमोनियाने कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे त्याचे निधन झाले. पेटनची कादंबरी १९४८ मध्ये आली. जोन्सची ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ १९५१ मध्ये आली. १९५२ मध्ये हेमिंग्वेने एका म्हाताऱ्या कोळ्याची छोटी कादंबरी प्रसिद्ध केली आणि चार्ल्स स्क्रिब्नर व मॅक्स पर्किन्स या दोन दिवंगतांना अर्पण केली. तीच पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. आपल्या अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयात ‘पाडस’ आणि ‘एका कोळियाने’ ही दोन्ही पुस्तके मिळाली तर पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी ती वाचून घ्यावीत.